परका ठरलेला आवाज

घरच्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस कुठला घ्यावा, या प्रश्नावर डॉ. हर्षदा घोरपडेने उभ्या आयुष्यात पाच मिनिटंही खर्च केली नव्हती. ती जनावरांची डॉक्टर. तासगाव तालुक्यातले गोठे पालथे घालण्यात तिचा दिवस जायचा. कॉम्प्युटर हे तिच्या नवऱ्याचं, उदयसिंहाचं खातं. आणि त्यालाही कारण होतं. उदयसिंहाचा आवाज त्या कॉम्प्युटरमध्ये राहत होता.

उदयसिंह कबड्डीचा समालोचक. सांगली-कोल्हापूरकडच्या मैदानांवर वीस वर्षं त्याचा आवाज घुमला. चढाईपटू मध्यरेषा ओलांडायच्या आत उदयबापूंचा आवाज ओलांडतो, असं लोक म्हणायचे. मग घशाचा कर्करोग झाला आणि पुण्याच्या डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला.

पण २०४१ साली आवाज जाणं म्हणजे मुकं होणं नव्हतं. स्वरयंत्र काढलं तरी जीभ, जबडा, गळ्याचे स्नायू जागेवरच असतात. माणूस बोलू लागला की ते हलतात, आणि हलताना विजेच्या अगदी बारीक लहरी उठतात. उदयसिंहाच्या गळ्याभोवतीचा पातळ पट्टा त्या लहरी टिपायचा, घरच्या कॉम्प्युटरकडे पाठवायचा. तिथे लहरींचे शब्द व्हायचे आणि जुन्या रेकॉर्डिंगवरून घडवलेल्या उदयसिंहाच्याच आवाजात ते शब्द छातीवरच्या छोट्या स्पीकरमधून बाहेर पडायचे. हे सगळं इतक्या झपाट्याने, की समोरच्याला ओठ आणि आवाज यांच्यात फट जाणवायची नाही. तो कुठेही असला तरी आवाज यायचा तो घरातूनच.

सुरुवातीला हा आवाज सपाट होता, बातम्या वाचल्यासारखा. दोन वर्षं खपून उदयसिंहाने त्याला हसायला शिकवलं, दम खायला शिकवलं, शेवटच्या चढाईला वरच्या पट्टीत चढायला शिकवलं. आता तो पुन्हा मैदानात उतरणार होता. आजारानंतरचा पहिलाच सामना, जिल्ह्याचा अंतिम सामना, आणि तोही तासगावात.

तेवढ्यात तो आवाज चोरीला गेला.

कुठल्या तरी व्हायरसने कॉम्प्युटरमध्ये शिरून आवाजाची नक्कल उचलली. आठवड्याभराने कवठेमहांकाळला उदयसिंहाच्या थोरल्या बहिणीला फोन आला. "आक्का, मी उदय. अडचणीत आहे गं. तुझ्या फोनवर आकडा आलाय तो सांग लवकर." आक्कांनी आकडा सांगितला. भावाला कोण नाही म्हणणार? पेन्शनीतून साठवलेलं सगळं गेलं.

पैशांपेक्षा मोठं नुकसान नंतर कळलं. उदयसिंहाने फोन केला, तेव्हा आक्का थंडपणे म्हणाल्या, "माझ्या भावाचा आवाज दवाखान्यात गेला. हा कुणाचा आहे, देव जाणे. पुन्हा फोन करू नका." त्या त्याला 'अहो-जाहो' करत होत्या. त्यानंतर त्यांनी फोन उचलणंच बंद केलं.

दुसऱ्याच दिवशी उदयसिंह तपासणीसाठी पुण्याला गेला, आणि हर्षदा तावातावाने समीना मुजावरच्या दुकानात शिरली.

"समीना, मला अँटिव्हायरस दे. सगळ्यात खमक्या असेल तो."

समीना बाजारपेठेत पंधरा वर्षं कॉम्प्युटरचं दुकान चालवत होती. तिने खुर्ची पुढे केली. "डॉक्टर मॅडम, खमक्या म्हणजे कसा, ते आधी ठरवू. जुन्या पद्धतीचे आहेत, ते पोलीस चौकीतल्या फोटोंसारखे. माहितीतला चोर दिसला की धरतात. पण आता व्हायरस स्वतःच दर तासाला नवीन तोंडवळा घेऊन येतो. फोटोंचा काय उपयोग?"

"मग तो नको."

"दुसरे आहेत, ते तुमच्या घरातलं सगळं कंपनीच्या मोठ्या यंत्रांकडे तपासायला पाठवतात. बापूंचा आवाजसुद्धा."

"पुन्हा बाहेर? मुळीच नको. तिसरा?"

समीनाने एक लहानशी डबी काढली. "हा 'स्वकीय'. यंदाच आलाय. तुम्हाला लगेच समजेल, तुमच्याच शास्त्रातून उचललाय."

आणि खरंच समजलं. शरीराच्या संरक्षक पेशी कोवळ्या असताना हृदयाच्या वरच्या एका ग्रंथीत त्यांची शाळा भरते. तिथे त्यांना शरीराचे स्वतःचे नमुने दाखवले जातात. जी पेशी आपल्याच नमुन्यावर तुटून पडते, ती बाद. उरतात त्या आपल्यांना हात लावत नाहीत आणि परक्याला सोडत नाहीत, मग तो परका पूर्वी कधी पाहिलेला असो वा नसो. 'स्वकीय' नेमका तसा होता. पहिला आठवडा तो नुसता बघायचा. घरात कोण काय करतं, कुठला आवाज, कुठली यंत्रं, कुठल्या सवयी. आठवडा संपला की शाळा बंद. त्यानंतर जे अनोळखी दिसेल, ते कोंडवाड्यात.

"बंद कसा करायचा?" हर्षदाने विचारलं.

"नाही करता येत. जे बटण तुम्ही दाबू शकता, ते चोरही दाबू शकतो. म्हणून बटणच नाही. फक्त तो आठवडा घर नेहमीसारखं चालू द्या."

हर्षदाचे डोळे चमकले. असाच पहारेकरी तिला हवा होता. संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने तो बसवला आणि पुण्याला उदयसिंहाला संदेश धाडला: *आता येऊ दे कोणाला घरात!*

उदयसिंह परतला तो आठवडा उलटल्यावर. तिकडे घशाला सूज दिसल्यामुळे डॉक्टरांनी पट्टा काढून ठेवायला लावला होता. सगळे दिवस त्याने लिहूनच काम भागवलं होतं. घरात पाऊल टाकताच त्याने पट्टा गळ्याला लावला, हात पसरले आणि तोंड उघडलं.

काही नाही. ओठ हलत होते. स्पीकर गप्प.

त्याने पुन्हा तोंड उघडलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. *अनोळखी पट्टा. अनोळखी आवाज. दोन्ही कोंडले.*

हर्षदाने समीनाला फोन लावला. घर नेहमीसारखं चाललं होतं खरं, पण त्या घरात उदयसिंहच नव्हता. पहारेकऱ्याने अख्खं घर पाठ केलं होतं, घरच्या धन्याला सोडून.

समीना धावत आली. तासभर खटपट करून तिने मान हलवली. "आवाज आत आहे, शाबूत आहे. पण शनिवारी संध्याकाळी कोंडवाडा साफ होतो. आत जे असेल ते पुसलं जातं."

"सामना रविवारी आहे," हर्षदा म्हणाली.

"सगळा कॉम्प्युटर कोरा करता येईल. मग 'स्वकीय' जाईल, पण आवाजही जाईल. पहिल्या दिवशीची मूळ प्रत आहे ना?"

उदयसिंहाने फोनवर लिहिलं: *ती प्रत म्हणजे बातम्या वाचणारा. दोन वर्षं गेली त्याला माणूस करण्यात.* मग खाली अजून एक ओळ लिहिली: *आणि पहारेकरी नसेल तर उद्या पुन्हा कुणाच्या तरी बहिणीला फोन जाईल.*

"याला समजावता येत नाही का काही?" हर्षदा जवळजवळ ओरडलीच.

"तो कुणाचं ऐकत नाही, मॅडम. फक्त बघतो. घरात नवीन पंखा आणला तर लगेच कोंडत नाही. ओळखीचं माणूस रोज तो लावतंय असं दिसलं की हळूहळू आपला मानतो. कोण कोणाबरोबर येतं, एवढंच त्याला कळतं. कोंडलेल्या गोष्टींकडेही अधूनमधून तो पुन्हा बघतो. पण बापूंच्या आवाजाबरोबर ओळखीचं काय येणार?"

उत्तर हर्षदाला दुसऱ्या दिवशी मणेराजुरीच्या एका गोठ्यात सापडलं.

तिथल्या गाईचं वासरू दगावलं होतं. शेजारच्या गोठ्यातलं आईवेगळं वासरू तिच्यापाशी आणलं, तर ती लाथा झाडत होती. हर्षदाने नेहमीचा उपाय केला. त्याच गाईचं दूध काढलं, वासराच्या पाठीवर, मानेवर, शेपटीखाली चोळलं, वरून चिमूटभर मीठ भुरभुरलं. गाईने फुरफुरून नाक पुढे केलं. हुंगलं. मागे सरली. पुन्हा हुंगलं. मग तिची खरखरीत जीभ वासराच्या पाठीवरून फिरली, एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना.

हर्षदा हात तसाच हवेत धरून बघत राहिली. परक्या वासराला आपलं मान, असं गाईला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. त्याच्या अंगाला तिचा स्वतःचा वास लावला होता, बस्स!

"डॉक्टरीणबाई, काय झालं?" गोठ्याची मालकीण विचारेपर्यंत ती गाडीत बसलीसुद्धा होती.

घरी पोचताच तिने उदयसिंहाच्या गळ्यातला पट्टा काढला आणि स्वतःच्या गळ्याला बांधला.

"माझा आवाज याला ओळखीचा आहे," ती धापा टाकत सांगू लागली. "पट्टा मी घालून बोलत राहिले, की पट्ट्याला माझा वास लागेल. मग पट्टा तुम्ही घालायचा, आणि तुम्ही जे ओठांनी बोलाल तेच त्याच क्षणी मी मोठ्याने बोलायचं. तुमच्या गळ्याच्या लहरी आणि माझा आवाज, जोडीने. मग मी हळूहळू आवाज कमी करत जायचं. कळतंय का? तुम्ही वासरू!"

उदयसिंहाने तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिला हसू आवरेना. मग त्याच्याही डोळ्यांत लखकन काहीतरी चमकलं. त्याने लिहिलं: *पण बोलायचं काय?*

"तुम्हाला जे सगळ्यात जास्त येतं ते!"

झालं. ती संध्याकाळ हर्षदा पट्टा घालून बडबडत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि घोरपड्यांच्या दिवाणखान्यात कबड्डी सुरू झाली. जुन्या सामन्यांची चित्रफीत आवाज बंद करून लावायची. समोर पट्टा घातलेला उदयसिंह ओठांनी समालोचन करतोय, आणि त्याच्या ओठांवर नजर खिळवून हर्षदा तेच ओरडतेय. ती वेंगुर्ल्याची. लग्नाला एवढी वर्षं होऊनही तिने एक सामना धड पाहिला नव्हता. पहिल्या तासात तिने चढाईपटूला गोलंदाज केलं. पण उदयसिंहाचे ओठ ती गेली दोन वर्षं वाचत आली होती. पहाटे पट्टा लावायच्या आधी, आंघोळीच्या आधी, पट्टा काढल्यावर अंथरुणात. तेवढी तयारी तिची नकळत झाली होती.

"आणि चढाईला निघालाय... बोनस! बोनस घेतलाय! मागे फिरला... धरला, धरला, घोट्यात धरला! अगंबाई! सुटला, सुटला की हो!"

'अगंबाई' उदयसिंहाच्या ओठांवर नव्हतं. ते तिचं तिनेच घातलं होतं. दर वेळी चुरस आली की ते तिच्या तोंडून सुटायचंच. उदयसिंह हात जोडायचा, डोळे वटारायचा, पण थांबायला वेळ नव्हता. समोरचा सगळा संघ बाद झाला की म्हणायचं असतं 'लोण'. हर्षदा दर वेळी आनंदाने ओरडायची, "लोणी! लोणी चढवलंय!" शेजारच्या बाईंनी एकदा दारातून डोकावून विचारलंही, घरी काही कार्य आहे का म्हणून.

मध्यंतरात समीना येऊन पडदा बघून जायची. पहिल्या दिवशी *अनोळखी*. शुक्रवारी सकाळी *पट्टा: ओळखीचा*. समीनाने टाळी वाजवली. "मॅडम, गाईने हुंगलं!"

त्या दिवसापासून हर्षदाने आवाज उतरवायला सुरुवात केली. मोठ्याचं मध्यम, मध्यमाचं हलकं, मग नुसती कुजबुज. हे सगळ्यात अवघड होतं. अंगात आलेलं असताना कुजबुजणं म्हणजे उकळत्या दुधावर झाकण धरणं. शनिवारी दुपारी ती पूर्ण गप्प झाली. पडद्यावर सामना चालू होता, उदयसिंहाचे ओठ चालू होते आणि खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. *लहरी: ओळखीच्या. कोंडलेल्या आवाजाची फेरतपासणी चालू.*

आत काय चाललं असेल, ते हर्षदाला जणू दिसत होतं. पहारेकरी कोंडवाड्याच्या दाराशी उभा होता. एका हाताशी आता आपल्या झालेल्या लहरी, दुसऱ्या हाताशी परका आवाज. जीभ टाळूला लागली, इथे 'ट'. ओठ मिटले, इथे 'प'. क्षणाला क्षण जुळतोय का, ते तो ताडून बघत होता. चोराने उचललेल्या नकलेमागे असला हलणारा, जिवंत गळा कुठून असणार?

ऊन खिडकीतून सरकत जमिनीवर आलं. समीनाने घड्याळाकडे पाहायचं सोडून दिलं. पडद्यावर एका संघावर लोण चढलं आणि उदयसिंह सवयीने त्वेषाने तोंड उघडणार, तो थांबला. हर्षदाकडे वळला आणि काहीतरी वेगळंच बोलला.

छातीवरचा स्पीकर खरखरला.

"लोणी नव्हे गं, बाई! लोण! लोण!"

समीना किंचाळली. हर्षदाने उदयसिंहाला मिठी मारली ती इतक्या जोरात, की पट्टा वाकडा झाला आणि स्पीकरमधून नुसताच "लो-लो-लो" असा आवाज येत राहिला. मग तिघंही हसत सुटली.

रविवारी संध्याकाळी तासगावचं मैदान माणसांनी फुललं होतं. बोरगावचा हिंदवीर संघ आणि पलूसचा सह्यगिरी. समालोचकाच्या टेबलाशी उदयसिंह येऊन बसला, तशी कुजबुज लहरीसारखी सगळीकडे पसरली. बापू आलेत. बोलणार म्हणे.

त्याने माईक जवळ ओढला. हर्षदाने टेबलाखाली स्वतःचाच पदर मुठीत आवळला होता.

"नमस्कार मंडळी," उदयसिंह म्हणाला. "उशीर झाला यायला. वाटेत एका पहारेकऱ्याने अडवलं होतं."

मैदानाने जी आरोळी ठोकली, ती ऐकून झाडावरचे बगळे उडाले.

आणि मग तो सुटलाच. चढाईमागून चढाई, पकडीमागून पकड, आवाज कधी दबा धरून, कधी झेप घेत. मध्यंतराआधीची शेवटची चढाई पलूसची होती. चढाईपटू थेट आत घुसला, तिघांनी त्याला धरला, तो तिघांना फरफटत मध्यरेषेकडे निघाला. बोटं रेषेपासून वीतभर. सगळं मैदान उभं राहिलं. आणि कर्ण्यांतून उदयबापूंचा भरदार, मर्दानी आवाज गरजला:

"पोचतोय, पोचतोय... अगंबाई!! पोचला!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग पहिल्या रांगेतला एक म्हातारा हसला, आणि बघता बघता अख्खं मैदान खदखदू लागलं, टाळ्या वाजवू लागलं. उदयसिंहाने हळूच मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती लालबुंद झाली होती.

मध्यंतरात समीना पोट धरून आली. "पट्ट्याला सगळ्या लहरी स्पष्ट मिळत नाहीत, बापू. चुरशीच्या वेळी जबडा आवळला की जागा रिकामी राहते. मग यंत्र अंदाजाने शब्द भरतं. आणि अशा वेळी कुठला शब्द येतो, ते त्याला मॅडमनी शिकवलंय. सांगा, काढून टाकते."

उदयसिंह काही बोलणार, तेवढ्यात हर्षदाचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं: आक्का.

"हर्षदा," आक्का म्हणाल्या, "सामना बघतेय मी घरून. दे त्याला."

तिने फोन उदयसिंहापुढे धरला.

"आक्का," तो म्हणाला.

पलीकडून आक्का बोलल्या, आणि या वेळी 'अहो-जाहो' नव्हतं. "मगाशी अगंबाई म्हणालास, तेव्हा चहाचा कप हातातून पडला माझ्या. म्हटलं, हा माझाच भाऊ. बायकोच्या संगतीनं पार बिघडलाय. चोराला हे कुठून सुचणार रे?"

हर्षदाला लख्खकन उमगलं. खरंच की! चोरांकडे होता तो जुना आवाज. त्यात ती नव्हती. या आवाजात तिची चार दिवसांची ओरड, तिच्या चुका, तिचं वेंगुर्लं मिसळलं होतं, आणि हे मिश्रण या घराबाहेर कुणाकडेच नव्हतं. उद्या ते आणखी बदलेल, परवा आणखी. जिवंत माणसाचा आवाज असाच तर असतो.

"समीना," उदयसिंह म्हणाला, "काही काढायचं नाही."

"काय काढताय?" आक्का फोनवरून खेकसल्या. "ते राहू दे. आधी मला सांग, तुझे डोळे कुठे आहेत? बोरगावचा उजवा कोपरा किती वेळ झोपा काढतोय. पलूसवाले सारखे तिथूनच पॉइंट नेतायत. एक अक्षर बोलला नाहीस तू! काय समालोचन करतोस?"

"आक्का, समालोचकाने कुठल्या संघाची बाजू—"

"मी कुठे समालोचक आहे? माझं नाव घालून सांग!"

शिट्टी झाली. खेळाडू मैदानात उतरले. उदयसिंह खुर्चीत सावरून बसला, माईक ओढला, आणि आवाजात अशी काही रग आली की हर्षदाही ताठ बसली.

"मंडळी, उत्तरार्ध सुरू होतोय! आणि कवठेमहांकाळहून माझ्या थोरल्या बहिणीचा निरोप आलाय. ती म्हणते, बोरगावचा उजवा कोपरा झोपलाय! मी नाही म्हणत हां, आमची आक्का म्हणते!"

हशा उसळला. बोरगावचा कोपरारक्षक दचकून टेबलाकडे वळला, ओशाळून हसला आणि कंबर वाकवून एक पाऊल आत सरकला. पलूसचा चढाईपटू दम धरून आला, सवयीप्रमाणे थेट त्याच कोपऱ्याकडे वळला. कोपऱ्याने त्याचा घोटा पकडला, दोघे लोळले, मागून बाकीचे कोसळले. उदयसिंहाचा आवाज वर चढत होता, फोनवर आक्का ओरडत होत्या, आणि कबड्डीतलं ओ की ठो न कळणारी हर्षदा खुर्चीवर उभी राहून दोन्ही हात हवेत फेकत होती. तिच्या तोंडून काय निघतंय, ते त्या गोंगाटात तिलाही ऐकू येत नव्हतं.